स्टेनलेसला काय होतंय

१

मधे कुणी बोलू नका हां. मधे बोललात की माझा धागा तुटतो आणि मग मी रडते, आणि आज मला रडायचं नाहीये, सांगायचंय.

दोन हजार सोळाचा एप्रिल. सोनाजी मामा जाऊन पंधरा दिवस झाले होते. वाळूजला आमच्या कंपनीत रोज शिफ्टच्या आधी 'सेफ्टी टॉक' व्हायचा, म्हणजे सुपरवायझरनं एक कागद मोठ्यानं वाचायचा आणि आपण सगळ्यांनी रांगेत उभं राहून मागून म्हणायचं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. त्या आठवड्यात कागद नवा होता. त्यानं वाचलं, "रिॲक्टर तीनवर ऑपरेटर सोनाजी यांनी निष्काळजीपणानं वाफेचा व्हॉल्व्ह एकदम उघडला. दाब वाढून पाईप फुटला. त्यांची चूक आपण करणार नाही."

आणि दीडशे माणसं एका सुरात, "त्यांची चूक आपण करणार नाही."

माझ्या पुढच्याच रांगेत सत्यम होता. सोनाजी मामांचा पोरगा, बावीस वर्षांचा, पॅकिंगला कॉन्ट्रॅक्टवर. मुंडण केलेल्या डोक्यावर पिवळं हेल्मेट सैल बसलेलं, सारखं कपाळावर येत होतं. त्याचे ओठ हलताना मी बघितले. त्यानं पण म्हटलं. न म्हणून कुठं जाणार? आणि नियम असा की अपघाताचा कागद महिनाभर रोज वाचायचा. रोज!

मी तेव्हा तिथल्या लॅबला होते, पहिली नोकरी, आठ महिने झालेले. सोनाजी मामा काय माझे सख्खे मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. धनगराचा माणूस, दौलताबादच्या खालच्या वस्तीवरचा. पाच रिॲक्टर सांभाळायचे आणि पाचांना मेंढरांची नावं ठेवलेली. तीन नंबरचं नाव भुरी. मला म्हणायचे, "दिपे, भुरी आज कुरकुरतीया बघ," आणि खरंच त्या दिवशी तिचा पंप बिघडायचा. हा माणूस व्हॉल्व्ह एकदम उघडेल?

टॉक संपला तर गेटापाशी मंजुळाबाई बसलेल्या. मामांच्या बायको. वॉचमन म्हणतोय, "अम्मा, धूप में नक्को बैठो," आणि त्या हलत नाहीत. आमचे प्लँट हेड शिवशंकर सर गाडीतून उतरले तशा उठल्या.

"साहेब, कागद बदला."

"काकू, हे बघा..."

"चोवीस वर्सं त्या कढईम्होरं हुबा ऱ्हायला माझा माणूस. घाईनं कधी बिडी पेटवली नाय त्यानं. अन् माझ्या पोराच्या तोंडून रोज वदवून घेताव, बापाची चूक म्हणून?"

सर वाईट नव्हते हो. पण घामाघूम झाले. म्हणाले, "बाहेरच्या लॅबच्या मॅडम येणारेत फुटका पाईप बघायला. त्यांच्या रिपोर्टात जे येईल तेच कागदावर लिहीन. शब्द देतो."

दुपारी त्या मॅडम आल्या. योगिनी मॅडम. पन्नाशीच्या, सलवार-कमीज, पायात जाड बूट, आणि सारखी बडीशेप खाणार. मला सरांनी त्यांच्यासोबत दिलं, "मॅडमना काय लागेल ते कागद काढून दे." त्यांनी तो फुटका तुकडा हातात घेतला, खिडकीपाशी नेला, भिंग लावलं, कडेवरून बोट फिरवलं, आणि बडीशेप चावता चावता एवढंच म्हणाल्या,

"व्हॉल्व्हचं सोडा. हा पाईप दाबानं फुटलेलाच नाहीये."

२

आता रिॲक्टर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठं बंद पातेलं समजा, माणसापेक्षा उंच. आत औषधाचा माल शिजतो. त्या पातेल्याला बाहेरून दुसरं कवच असतं, त्याला जॅकेट म्हणतात. माल तापवायचा तर जॅकेटमधे वाफ सोडायची, गार करायचा तर वाफ बंद करून तिथंच पाणी सोडायचं. वाफ, पाणी, वाफ, पाणी, दिवसभर. जॅकेटच्या बुडाला एक आखूड पाईप असतो. तोच फुटला. वाफ थेट मामांच्या अंगावर. तीन दिवस घाटीच्या सरकारी दवाखान्यात होते. मी एकदा गेले होते बघायला. ते नको.

तर मॅडम मला म्हणाल्या, "फुगा फुटायच्या आधी काय करतो?"

"फुगतो."

"मग लोखंड पण तेच करतं. दाब जास्त झाला की पाईप आधी फुगतो, पातळ होतो, मग फाटतो. हा बघ, मोजपट्टी लाव. कुठं फुगलाय?"

मी लावली. कुठंच नाही. जिथं फाटलाय तिथं पण जाडी जशीच्या तशी. नुसती रेघ, काच तडकावी तशी. आणि दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह त्यांनी वेगळा काढून तपासला. एकदम ठीक.

म्हणजे मामांची चूक नाही! मी उड्या मारायच्याच बाकी होते. मॅडम म्हणाल्या, "थांब. कशामुळं नाही हे कळलं. कशामुळं हे सांगितल्याशिवाय तुझे साहेब ऐकणार नाहीत."

मग त्यांनी पर्समधून एक छोटं चुंबक काढलं. आपण औरंगपुऱ्यात भांडी घ्यायला गेलो की दुकानदार नाही का चुंबक लावून दाखवत, "बघा ताई, चिकटत नाही, अस्सल स्टेनलेस"? तसं. तीन नंबरचं सगळं स्टेनलेसचं, कागदोपत्री. मॅडमनी चुंबक पाईपवरून हळूहळू सरकवलं. सरकलं, सरकलं, सरकलं...

आणि तड्याच्या शेजारी चुंबक चिकटलं.

मी वळून बघितलं तर दारात शिवशंकर सर. चेहरा पांढराफट.

३

"मीच घेतला तो माल," सर खुर्चीत बसूनच बोलले. "चार वर्षांपूर्वी. पण बिल बघा, सर्टिफिकेट बघा. मी हलका माल घेतलेला नाही. घेतला असता तर तुम्हाला बोलावलं असतं का?"

मॅडम म्हणाल्या, "बोलावणं भाग होतं तुम्हाला. सरकारी नियम आहे."



दोन दिवस मी जेवले नाही धड. सत्यम कँटीनला भेटला तर म्हणाला, "ताई, साहेबानं डुप्लिकेट माल लावला का गं?" मी म्हटलं कळेल. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला त्यांच्या लॅबला बोलावलं. चिकलठाण्याला, एका गल्लीत, खाली लेथचं दुकान आणि वर ही लॅब.

"स्टील बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वेल्डिंगपाशी स्टेनलेसला चुंबक थोडं चिकटतंच. मला माहीत होतं."

"मग सरांना का नाही सांगितलं?"

"घाबरलेला माणूस फायली पटकन काढून देतो."

सरांनी खरंच सगळ्या फायली पाठवलेल्या. त्यात रिॲक्टरचा मूळ नकाशा होता, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ: जॅकेटमधे फक्त गोडं पाणी वापरावं. खारं असल्यास दुसरा धातू निवडावा.

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. पाईपचा कापलेला तुकडा, आरशासारखा घासलेला. त्यात तडा. पण एक तडा नाही हो, एकातून दोन, दोनातून चार, बाभळीच्या वाळक्या फांद्या असतात ना तसं, आणि सगळ्या पाण्याच्या बाजूनं निघालेल्या.

"हे मिठाचं काम," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात मीठ असलं, वर उष्णता असली, की पाणी उडून जातं आणि मीठ सांदीत साठत राहतं. मग ते स्टेनलेसला आतून असं चिरतं. बाहेरून चकचकीत. गंज नाही, डाग नाही, काही नाही. आणि एक दिवस..."



मी सरांना फोन लावून दिला. सर म्हणाले, "अशक्य! आमचं पाणी गोडंच आहे. दुष्काळात पाईपलाईनचं पाणी कापलं म्हणून टँकर लावला, पण तो दौलताबादच्या पायथ्याच्या विहिरीचा. साखरेसारखं पाणी! लॅबमधे रोज तपासतो. मॅडम, मी सांगतो ते ऐका. दिवाळीत त्या पाईपला कडुबानं वेल्डिंग मारलं होतं. त्याला विचारा ना!"

"कुठं आहे तो?"

"तेच तर! सोनाजी भाजला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कडुबा गायब आहे."

४

कडुबा फर्दापूरला सापडला. सत्यमनंच पत्ता काढला. रविवारी मॅडमच्या गाडीत आम्ही निघालो, सिल्लोडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती माती, एक हिरवं पान नाही. अजिंठ्याला येणाऱ्या लोकांसाठी एक लॉज बांधत होते, तिथं कडुबा जिन्याच्या कठड्याला वेल्डिंग मारत होता. मला बघितल्याबरोबर त्यानं डोळ्यावरचा चष्मा काढला आणि मागच्या मागं निघाला.

मॅडम ओरडल्या, "अरे, पळू नकोस! गुडघे दुखतात माझे!"

बिचारा थांबला. त्यालाच दया आली.

"पळालास का?"

"मग काय थांबू? कुठं बी फुटलं की पयला वेल्डर धरत्यात, मॅडम. सोनाजीभाऊ भाजला अन् मी म्हणलं, कडुबा, निघ."

"तुझं वेल्डिंग चांगलं आहे. मी कापून बघितलं."

तो बघतच राहिला. आणि मग त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं, एकदम. म्हणाला, "खरं सांगताव? रातंदिस तेच डोक्यात. भाऊनं मला पोटच्या पोरावानी धरलं व्हतं कंपनीत."

मग त्यानं पाण्याचा जग आणला, आम्ही तिथंच विटांवर बसलो, आणि मॅडमनी विचारलं, "अपघाताच्या आधी तो पाईप कधी उघडला होतास?"

"मार्चात. रबरी पॅकिंग बदलाया. आतून पांढरं फटक व्हतं. मी म्हणलं चुना असंल. बोटानं घेतलं, जिभंवर ठिवलं."

"आणि?"

"खारट! निव्वळ मीठ."

"कुणाला सांगितलंस?"

"भाऊलाच की. तिथंच हुबा व्हता."

"काय म्हणाला?"

"जरा येळ गप बसला. मंग हसला. म्हणला, ऱ्हाऊ दे रे, स्टेनलेसला काय होतंय. गंज तर नाय ना कुठं? अन् कुणाला बोलू नको म्हणला."

मॅडमची बडीशेप चावायची थांबली. "कुणाला बोलू नको? असं का?"

"ते मला काय ठाव?" कडुबानं माझ्याकडं बोट केलं. "अन् मीठ आलं कुठून ते मला कशाला इचारता? ह्या दिपाताईला इचारा. पाणी तर रोज तीच तपासती."

५

परत येताना गाडीत मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. शंभर किलोमीटर! मला वाटत होतं त्यांनी ओरडावं तरी.

सोमवारी त्यांनी रजिस्टर मागितलं. मी दिलं. जानेवारीपासूनची पानं, रोजची एक ओळ, टँकरचं पाणी. मीठ कमी, ठीक. कमी, ठीक. कमी, ठीक. एप्रिलपर्यंत ठीक.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"खोटं लिहिलंयस?"

"देवाशप्पथ नाही मॅडम! रोज तपासून लिहिलंय. एक दिवस सुट्टी नाही!"

त्या पानावरून बोट खाली सरकवत राहिल्या. आमच्या फॉर्मात शेवटचा रकाना असतो क्लोरीनचा. नळाच्या पाण्यात जंतू मरायला टाकतात ना, तो. टँकरच्या पाण्याला त्या रकान्यात काही हद्दच घालून दिलेली नाही, म्हणून तो कुणी वाचत नाही. मी पण नुसता भरायचे. मॅडमचं बोट फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापाशी थांबलं.

"इथपर्यंत शून्य. इथून पुढं रोज पॉइंट दोन. रोज. दीपाली, दौलताबादच्या विहिरीत क्लोरीन कोण टाकतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतोच. तो असतो पाईपलाईनच्या पाण्यात. आणि पाईपलाईनचं पाणी कंपनीत कुठं येतं? गेटापाशी, प्यायच्या पाण्याच्या नळाला. बास.

"म्हणजे तू टँकरचं पाणी तपासलंच नाहीस," मॅडम हळू म्हणाल्या. "तू गेटाचा नळ तपासलास. दोन महिने. सँपल कोण काढायचं?"

आता तुम्हाला खरं सांगते. नियम असा होता की लॅबच्या माणसानं शिडीनं टँकरवर चढायचं, झाकण उघडायचं, आणि स्वतः बाटली बुडवायची. जानेवारीत चढायचे मी. मग ऊन वाढलं. ती शिडी अशी तापायची की हाताला फोड यायचे, आणि खाली लोक हसायचे, "बघा बघा, मॅडम चालल्या गडावर." तर ड्रायव्हरच एक दिवस म्हणाला, "कशाला चढताव ताई, मी देतो की बाटली भरून." किती बरं वाटलं मला! रोज दहा वाजता तो लॅबच्या खिडकीत बाटली ठेवायचा. रोज त्याआधी गेटच्या नळावर दिसायचा. मला वाटायचं तोंड धुतोय.

"ड्रायव्हर कोण?" मॅडमनी विचारलं.



"कारभारी," मी म्हटलं. "मंजुळाबाईंचा सख्खा भाऊ."

६

सोनाजी मामांची वस्ती दौलताबादच्या किल्ल्याच्या पाठीमागं आहे, पर्यटक जातात त्या बाजूला नाही, उलट्या बाजूला. वीसेक घरं. वाटेत पूर्वी शेतं होती, आता नुसतं प्लॉटिंग, पांढरे दगड रोवलेले आणि कमानीवर फुलांच्या कॉलनीची नावं. घर एक नाही अजून. एका प्लॉटिंगच्या कोपऱ्यात बोअर होता, त्याच्याखाली जमीन पांढरी पडलेली. मॅडमनी गाडी थांबवली, ओंजळीत पाणी घेतलं आणि लगेच थुंकल्या. जवळच्या बाटलीत थोडं भरून घेतलं.

वस्तीवर कारभारी मामा दारातच बसलेले. दाढी वाढलेली. अपघात झाला तेव्हापासून टँकरवर गेलेच नव्हते, त्यांनी ठरवून दिलेल्या फेऱ्या दुसरा ड्रायव्हर मारायचा. सोनाजी मामांना पहिला खांदा त्यांनीच दिलेला. मंजुळाबाई आतून आल्या, मॅडमना बघून चेहरा असा उजळला त्यांचा!

"आल्या का? घावलं का काय? म्या म्हणलं व्हतं ना, त्यांची चूक नाय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांची चूक नाही."

मंजुळाबाईंनी तिथंच पदर तोंडाला लावला. आणि मला वाटलं, बास, इथंच थांबावं. इथून उठून जावं. मॅडमना पण तसंच वाटलं असणार, कारण त्या आपल्या बुटांकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "कारभारी, विहिरीचं गोडं पाणी कुठं जायचं?"

कारभारी मामांनी एकदा बहिणीकडं बघितलं.

"इथं," ते म्हणाले. "वस्तीवर."

आणि मग सांगितलं. ती विहीर वस्तीशेजारचीच, पण मालकानं कंपनीला ठेक्यानं दिली. जानेवारीपर्यंत दोन टँकर निघायचे. फेब्रुवारीत आटली, दिवसाला एकच टँकर. तो भरून वस्तीच्या दारावरून वाळूजला जायचा, आणि वस्तीवरची पोरं डबक्यातलं पिऊन ढाळवांतीनं पडलेली.

"म्या अडवला टँकर," मंजुळाबाई एकदम बोलल्या. "ह्यो न्हाई, म्या. हंडा घिऊन म्होरं हुबी ऱ्हायले. म्हणलं कारभारी, भैनीचं ऐक. कंपनीला कुठलं बी पाणी चालतंय, ती काय पिणार हाय व्हय? लेकरं पित्यात. आपल्या हिरीचं लेकरांना घाल, अन् मशनीला घाल ते प्लॉटिंगचं खारं. लोखंडाला काय गोड अन् काय खारं? पर त्येचं इथं काय? पाण्याचं अन् माझ्या मालकाचं काय?"

 

मॅडमनी सांगितलं. सगळं. मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून असं ऐकलेलं नाही, इतकं सोपं आणि इतकं हळू. मीठ, उष्णता, सांदी, तडा. बाहेरून काही दिसत नाही ते. कारभारी मामा ऐकता ऐकता जमिनीवर बसले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

मंजुळाबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यांना ठाव व्हतं?"

"खारं पाणी चाललंय हे त्यांना मार्चमधे कळलं," मॅडम म्हणाल्या. "कडुबानं मीठ दाखवलं तेव्हा. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर इथला टँकर बंद झाला असता. पण त्यानं पाईप तडकतो हे त्यांना माहीत नव्हतं. गंज दिसला असता तर ते घाबरले असते. स्टेनलेसला गंज येत नाही ना, म्हणून त्यांना वाटलं काही होत नाही. चांगल्या चांगल्यांना वाटतं तसं."

"घरी एक शबुद बोलले नाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "रोज सांच्याला येऊन तेच पाणी पित व्हते तांब्याभर. म्हणायचे, लई गोड हाय गं."

७

आता मॅडमनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी रिपोर्टचा कोरा कागद काढला, बाजेवर ठेवला, आणि वर पेन ठेवलं.

"नीट ऐका. मी नुसतं लिहिलं की मिठानं तडा गेला, तर साहेब हिचं रजिस्टर पुढं करतील. त्यात तीन महिने पाणी गोडं आहे. मग माझा रिपोर्ट खोटा आणि गेटावरचा कागद खरा. खारं पाणी कुठून आलं, कुणी आणलं, सँपल कसं बदललं, हे सगळं लिहिलं तरच सोनाजीचं नाव सुटतं. पण ते लिहिलं की पोलीस येतील. कारभारीला नेतील. आणि टँकर बंद होईल. मंजुळाबाई, मी तुमच्या परवानगीशिवाय पेन उचलणार नाही."

"लिव्हा," कारभारी मामा खालूनच म्हणाले.

"तू गप रे," मंजुळाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या. बाहेर कुणाची तरी दोन पोरं टायर फिरवत होती, धडधाकट. त्यांच्याकडं बघत राहिल्या. नवऱ्याचं नाव का पाठचा भाऊ? वस्तीचं पाणी का पोराच्या तोंडातली ती ओळ? मला आजपण कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

"सत्यम रोज म्हणतुया," त्या पाठमोऱ्याच बोलल्या. "रोज सक्काळी. बापाची चूक, बापाची चूक. घरी येतुया अन् माझ्याकडं बघत नाय."

मग वळल्या.

"लिव्हा. सगळं लिव्हा. अन् माझं बी नाव घाला, मंजुळाबाई, टँकर म्या अडवला म्हणून. भावाला एकल्याला जाऊ द्यायची नाय."

त्यांनी अंगठा दिला. कारभारी मामांनी सही केली, मोडक्या अक्षरात. मग पेन खाली राहिलं, आणि मॅडम माझ्याकडं बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या. मी उचललं. लिहिलं, सँपल मी स्वतः काढलं नाही, दहा फेब्रुवारीपासून. खाली नाव. 

शिवशंकर सरांनी शब्द पाळला. रिपोर्ट दोनदा वाचला, दार लावून बसले, आणि दुसऱ्या दिवशी कागद बदलला. मी तिथं नव्हते, मला त्याच संध्याकाळी काढलं. ठीकच होतं ते. सत्यमनं फोन करून सांगितलं. सुपरवायझरनं वाचलं, "रिॲक्टर तीनच्या जॅकेटमधे खारं पाणी गेल्यानं पाईपला तडा गेला. ऑपरेटर सोनाजी यांची चूक नव्हती." सत्यम म्हणाला, "ताई, सगळे म्हणाले मागून. मला म्हणता आलं नाही. आवाजच फुटला नाही."

कारभारी मामांना पोलिसांनी नेलं. अकरा दिवसांनी जामिनावर सुटले. टँकर गेला, लायसन गेलं. मंजुळाबाईंना पण दोनदा चौकीत बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं. कंपनीनं ठेका मोडला, तर मालकानं ती विहीर एका नव्या अपार्टमेंटला दिली.

जूनमधे मी वस्तीवर गेले. एकटीच, बसनं, मग चालत. पाऊस नव्हताच अजून. माफी मागायची होती, पण काय शब्दात मागतात ते कुणी शिकवलंय आपल्याला? मंजुळाबाई दारात गोधडी शिवत होत्या. मला बघून सरकून जागा केली.

"कागद मोठ्यानं वाचला म्हणं," त्या म्हणाल्या.

"हो. महिनाभर वाचला. रोज."

"बरं झालं."

 त्या उठल्या, आतून तांब्या-भांडं आणलं, मला भांडं भरून दिलं. मी तोंडाला लावलं. खारट. इतकं खारट की घशाखाली उतरेना. त्या समोर उभ्या राहून बघत होत्या, रागानं नाही, नुसत्या. मी सगळं प्यायले.

"अजून देऊ?"

"द्या," मी म्हटलं.